बार्शी लाईट आणि रुळाकडेची जमीन

दौंड सुटलं की सोलापूरकडे जाणारी गाडी भीमेच्या संगतीने धावू लागते आणि भिगवणच्या पुढे खिडकीतून उजनीचं पाणी दिसतं. धरण भरलेलं असलं की काठावरच्या बाभळी निम्म्या बुडालेल्या असतात. इथला आजचा लोहमार्ग मूळचा नाही. उजनी धरण झालं तेव्हा जुना मार्ग पाण्यात जाणार म्हणून रूळ उचलून दुसरीकडे नेले. डिकसळजवळचा जुना दगडी पूल तेवढा राहिला आणि इंदापूर व करमाळा तालुक्यांतली वाहनं त्यावरून ये-जा करू लागली. लंडनच्या भागधारकांच्या पैशांतून बांधलेला पूल अखेर उसाच्या ट्रॅक्टरांच्या कामी आला.

हा पूल पाहिला की माझ्यासारख्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. रेल्वे बांधायला पैसा कोण घालतं? आणि ती आल्यावर कडेच्या जमिनीचा भाव वाढतो, तो कोणाच्या पदरात पडतो?

जगात काही रेल्वे कंपन्यांनी हे दोन्ही प्रश्न एकदमच सोडवले. कॅनडियन पॅसिफिक कंपनीला 1881 च्या कराराने कॅनडा सरकारकडून अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन मिळाली. गाडी जसजशी पुढे गेली तसतशी कंपनी जमीन विकत गेली. जपानमध्ये कोबायाशी इचिझो या गृहस्थाने 1910 मध्ये ओसाकाजवळ विजेवरची छोटी रेल्वे सुरू केली. त्या रानात प्रवासी कुठून येणार, हा प्रश्न त्याने स्वतःच सोडवला: रुळांच्या कडेला घरं बांधून ती हप्त्यांनी विकली, दुसऱ्या टोकाला करमणुकीची सोय केली आणि पुढे ओसाकाच्या स्टेशनातच मोठं दुकान थाटलं. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने 1919 मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनी काढली. ज्या रेल्वेमुळे जमीन महागते, तिनेच त्या महागाईतला वाटा उचलायचा, असा हा सरळ व्यवहार.

सोलापूरला गिरण्यांचं गाव म्हणतात आणि तिथे रेल्वे 1860 पासून आहे. तेव्हा उद्योग, जमीन आणि रेल्वे यांचा असा काही व्यवहार तिथे झाला असेल का, हे पाहायला मी निघालो होतो. झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. का झाला नाही आणि त्याऐवजी काय झालं, ते सांगण्यासारखं आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आपली जीआयपी रेल्वे, मुंबईहून सोलापूरला तुकड्यातुकड्यांनी पोचली. खंडाळा ते पुणे 1858 मध्ये, त्याच वर्षाअखेरीस डिकसळ, 1859 मध्ये बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी आणि 1860 च्या जूनमध्ये सोलापूर. गंमत अशी की तेव्हा बोरघाट पुरा व्हायचा होता. तो 1863 मध्ये खुला झाला. तोवर मुंबईहून निघालेला माणूस घाटाखाली गाडीतून उतरायचा, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. कापसाची गाठ तर बोलूनचालून ओझं. पण सोलापुरात रूळ आले आणि वर्षभरात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि दख्खनच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. कंपनीला एवढ्या चांगल्या मुहूर्तावर दुसरं कुठलं स्टेशन उघडता आलं असेल असं वाटत नाही.

आता पैशाचं पाहू. 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या करारात जीआयपीला दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या. पहिली, रुळांसाठी लागणारी जमीन 99 वर्षांसाठी फुकट. दुसरी, भागभांडवलावर दरसाल 5 टक्के व्याजाची हमी. गाडी तोट्यात चालली तरी लंडनच्या भागधारकाचे 5 टक्के ठरलेले, कमी पडेल ती रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. म्हणजे तूट शेतसाऱ्यातून आणि मिठाच्या करातून भरली जायची. 5 टक्क्यांच्या वर नफा झालाच तर त्याची सरकार आणि कंपनी यांच्यात वाटणी.

सोलापूरच्या जमिनीची गोष्ट या करारातच दडलेली आहे, असं माझं मत. ज्या कंपनीला जमीन फुकट मिळते आणि नफ्याचीही हमी असते, ती रुळांच्या कडेला काय पिकतं, काय बांधलं जातं, याकडे कशाला ढुंकून पाहील? खर्चात काटकसर करायचीही तिला गरज नव्हती. या पद्धतीवर विलायतेतही पुष्कळ टीका झाली आणि 1869 नंतर सरकारने काही मार्ग स्वतःच बांधायला घेतले. 1900 मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली, तरी कारभार 1925 पर्यंत कंपनीकडेच राहिला. पंचाहत्तर वर्षं जमीन हाताशी असलेल्या या कंपनीने सोलापुरात स्टेशन, माल धक्का, नोकरांच्या चाळी आणि साहेबांचे बंगले यांपलीकडे काही उभं केल्याची खूण सापडत नाही.

सोलापूर स्टेशनातून बाहेर पडलं की ही गोष्ट पायी फिरून वाचता येते. एका बाजूला 'रेल्वे लाईन्स' नावाचा भाग आहे. रुंद रस्ते, जुनी झाडं, शांतता. एकेकाळी रेल्वेच्या माणसांच्या वस्तीवरून पडलेलं हे नाव आज गावातल्या चांगल्या पत्त्यांपैकी एक मानलं जातं. तिथून फार लांब न जाता मुरारजी पेठ लागते. हे नाव मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांचं. त्यांच्या पुढाकाराने 1874 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली आणि 1877 मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या झाल्या, तेव्हा लोक पहिलीला 'जुनी गिरणी', 'जुनी मिल' म्हणू लागले आणि तेच नाव पक्कं झालं.

गिरणीचं साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1876 ते 1878 हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. शेतं ओस पडलेली, खेड्यांतली माणसं पोटासाठी गावाकडे निघालेली. कापूस जवळ, मजूर स्वस्त, कोळसा आणि यंत्रं आणायला रेल्वे दाराशी आणि सूत विकायला तीच रेल्वे. स्टेशनाच्या आसपास गिरणी काढायला आणखी काय हवं? तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांना गिरणीचं सूत मिळू लागलं. त्यातूनच पुढे चादर आणि टॉवेल यांचं सोलापूर घडलं. रेल्वेला या सगळ्यातून मिळालं ते भाडं. कापूस येताना भाडं, कोळसा येताना भाडं, कापड जाताना भाडं. स्टेशनाजवळच्या जमिनीला जी किंमत आली, ती गिरणीमालकाच्या ताळेबंदात गेली.

आणि ती तिथे बरीच वर्षं टिकली. सोलापूरच्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून बंद पडल्या. भोंगे थांबले, पण जमीन कुठे जाणार? जुन्या मिलच्या आवारात फिरलो तर घरं, दुकानं, दवाखाने, सोसायट्यांच्या पाट्या. पत्ता मात्र अजून 'जुनी मिल कंपाउंड'. इतकी वर्षं सूत काढून त्या गिरणीला जे मिळालं असेल, त्याच्याशी तिच्या खालच्या जमिनीची आजची किंमत ताडून पाहावी असं वाटतं. मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. सोलापूरच्या गिरणगावाबद्दल सोलापूरकर सोडून कोणी बोलत नाही. इथल्या कामगारांनी 1930 मध्ये इंग्रजांना गाव सोडायला लावलं, त्याबद्दल मार्शल लॉ सोसला, चौघे फासावर गेले. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं नाव त्या चौघांवरून आहे. या गाडीने नेहमी जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, कोण जाणे.

सोलापूरहून वाडीच्या दिशेने निघालं की होटगी लागतं. गदगकडे जाणारा फाटा इथून 1880 च्या दशकात निघाला. तेव्हा तो मीटर गेज होता, म्हणजे इथेही माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकावा लागे. आता होटगीच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत आणि थोड्या अंतरावर फताटेवाडीजवळ एनटीपीसीचं वीज केंद्र. 660 मेगावॉटचे दोन संच, 1320 मेगावॉट क्षमता. पाणी उजनीहून नळाने येतं, कोळसा मालगाडीने. शेकडो किलोमीटरवरून आलेला कोळसा पाहताना रेल्वेच्या अर्थकारणाचं आजचं खरं चित्र दिसतं. भारतीय रेल्वेच्या उत्पन्नात साधारण दोन तृतीयांश वाटा मालवाहतुकीचा आहे. प्रवासी गाडीचं तिकीट स्वस्त राहतं ते या कोळशाच्या, सिमेंटच्या जिवावर. कारखान्यापर्यंतचा रूळ, ज्याला रेल्वेत सायडिंग म्हणतात, तो बहुधा कारखानदार आपल्या खर्चाने घालतो. जमीन त्याची, रूळ त्याचा, रेल्वे फक्त वाघिणी पाठवते आणि भाडं घेते. पुण्याच्या बाजूलाही तेच. पाकणीजवळ तेल कंपन्यांचे डेपो, पुढे चिंचोळीची औद्योगिक वसाहत. वसाहत एमआयडीसीची. प्लॉटचे पैसे त्या महामंडळाकडे जातात, रेल्वेच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

इथवरची गोष्ट मोठ्या कंपनीची झाली. सोलापूर जिल्ह्याची स्वतःची म्हणावी अशी रेल्वे कंपनी वेगळीच होती आणि तिच्यासाठी मागे कुर्डुवाडीला उतरावं लागतं.

कुर्डुवाडी हे गाव रेल्वेने वाढवलेलं आहे. 1859 मध्ये जीआयपीचं स्टेशन इथे झालं, त्याला नाव दिलं बार्शी रोड, आणि बार्शी तर इथून सुमारे 21 मैलांवर. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. बालाघाटावरून, निजामाच्या मुलखातून तिथे माल उतरायचा आणि बैलगाड्यांनी कुर्डुवाडीला यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की रुतलीच. हा 21 मैलांचा घास एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या डोळ्यांत भरला. तो आधी जीआयपीत नोकरीला होता. 1895 मध्ये त्याने बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली.

कॅलथ्रॉप हा विक्षिप्त आणि विलक्षण माणूस. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर पुस्तक लिहिलं आणि पहिल्या महायुद्धात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली. पण त्याची खरी अक्कल दिसते ती बार्शी लाईटमध्ये. त्याचा हिशेब साधा होता: रूळ, पूल, भराव यांचा खर्च ठरतो तो एका आसावर किती वजन पडतं त्यावरून. मग इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर 5 टनांहून जास्त वजन पडूच द्यायचं नाही. इंजिनाचं वजन जास्त, तर त्याला चाकं जास्त लावा आणि भार सारखा वाटा. तसं केलं की यार्डामागे 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात आणि रूळ हलके म्हणजे सगळंच स्वस्त. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, जीआयपीच्या साडेपाच फुटांच्या निम्म्याहून कमी. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. हिंदुस्थानात पाठवण्याआधी गाड्यांच्या चाचण्याही लीड्सजवळच झाल्या. बार्शीत यशस्वी झालेलं हे तंत्र पुढे इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या डोंगरी रेल्वेसाठी वापरलं गेलं. विलायतेतून हिंदुस्थानात आलेल्या गोष्टी आपण मोजत बसतो. बार्शीहून विलायतेला गेलेली ही गोष्ट बार्शीकरांनीही फारशी मिरवलेली नाही.

जीआयपीने हमीच्या पैशावर भक्कम दगडी पूल बांधले, बार्शी लाईटने स्वस्ताई हेच भांडवल मानलं. 1906 मध्ये तिने कुर्डुवाडी ते पंढरपूर रूळ टाकले. रेल्वे कंपनीच्या दृष्टीने पंढरपूर म्हणजे आषाढी-कार्तिकीचं ठरलेलं गिऱ्हाईक. दुसरीकडे 1907 मध्ये बार्शीच्या पुढे तडवळे, 1911 मध्ये लातूर आणि फार नंतर, 1927 मध्ये पंढरपूरहून मिरज. मिरज ते लातूर मिळून सुमारे 325 किलोमीटरची ही अडीच फुटी रेल्वे. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली, तोवर ती कंपनीचीच होती. लोक मात्र शेवटपर्यंत तिला 'बार्शी लाईट' म्हणत राहिले.

या मार्गाशी जोडलेला एक माणूस सोलापूरच्या मातीतला. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापूरचा. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. त्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या कंत्राटांत उडी घेतली आणि सुरुवातीचं काम मिळालं ते बार्शी लाईटच्या येडशी-तडवळे बाजूच्या मातीकामाचं. भराव घालणं, खोदाई करणं, मजूर जमवणं. इथून निघालेला हा गृहस्थ पुढे जहाजं, विमानं आणि मोटारींपर्यंत पोचला हे सर्वांना माहीत आहे. मला रस आहे तो वालचंदनगरमध्ये. 1930 च्या दशकात त्यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर साखर कारखाना, शेती, वस्ती, शाळा असं अख्खं गाव वसवलं. स्वस्त पडीक जमीन घ्यायची, तिच्यावर उद्योग उभा करायचा आणि जमिनीला किंमत आणायची. कोबायाशीने जपानमध्ये रेल्वे कंपनीतर्फे जे केलं, त्याच्या जवळचं काम रेल्वेच्या एका माजी कंत्राटदाराने इथे रेल्वेशिवाय केलं. वालचंदनगरला आजही रेल्वे स्टेशन नाही.

कुर्डुवाडीला बार्शी लाईटचं मुख्य ठाणं आणि कारखाना होता. रेल्वेचा कारखाना आजही आहे. स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ भेटले. बार्शी लाईटची गोष्ट काढल्यावर त्यांचा चेहराच खुलला. "बार्शीला जायचं म्हंजी अर्धा दिस मोडायचा बगा. चढाला गाडी इतकी हळू, पोरं उतरून लघवीला जाऊन परत बसायची," ते म्हणाले. प्रत्येक छोट्या रेल्वेबद्दल ही गोष्ट सांगतात. पुढे ते जे म्हणाले ते जास्त मोलाचं होतं: "पण हमालाला काम हुतं ओ. समदा माल हितं उतरायचा नि मोठ्या गाडीत चढायचा." अडीच फुटी गाडीतली गाठ साडेपाच फुटी गाडीत टाकायची म्हणजे हमाली, गोदामं, अडते, उशीर आणि गळती. कंपनीला आणि व्यापाऱ्याला हा भुर्दंड, कुर्डुवाडीला मात्र ती रोजीरोटी. 2001 नंतर टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉड गेज झाला आणि ही अदलाबदल संपली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने चांगलंच झालं.

जमिनीचा धंदा बार्शी लाईटनेही केला नाही. रूळ जिथे गेले तिथे उद्योग आले, एवढं खरं. बार्शीत सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने होते, गिरण्या होत्या. त्यांतली जयशंकर मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. लातूर तर या रेल्वेच्या टोकाला बसून मराठवाड्याची मोठी बाजारपेठ झालं. तिथे गंजाला लागून पेंडीचे ढीग, डाळ मिल, तेल गिरण्या. पण कंपनीच्या कारभाऱ्यांनी लातूरच्या स्टेशनाभोवती शंभर एकर घेऊन प्लॉट पाडले, असं झालं नाही. परक्या कंपनीला इथे मुरायचंच नव्हतं. तिला भागधारकांना वर्षाचा लाभांश द्यायचा होता आणि तो भाड्यातून निघत होता.

लातूरला रुंद गाडीने उतरलं की नवं स्टेशन गावाबाहेर. बार्शी लाईटच्या मार्गावरून 2016 च्या एप्रिलमध्ये एक अशी गाडी धावली की तिची नोंद घ्यायलाच हवी. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून निघालेली 'जलदूत'. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेला मार्ग शंभर वर्षांनी तहानलेल्या लातूरला पाणी पाजत होता. त्याच मार्गावरच्या सांगोल्याहून 2020 च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल भाजीपाला आणि फळं घेऊन बंगालकडे, शालिमारला गेली. आणि लातूरजवळ हरंगुळला 2018 मध्ये मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी झाली. डिसेंबर 2020 मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला आणि आता वंदे भारत शयनयान गाड्यांचं काम त्या कारखान्याकडे आहे. जमीन एमआयडीसीची. रेल्वे उद्योग आणते आणि त्यासाठी राज्याच्या महामंडळाकडून जमीन घेते, असा हा उलटा संसार.

मग रुळाकडेच्या जमिनीने रूळ उभे केले, असं महाराष्ट्रात कुठे झालंच नाही का? झालं, पण सोलापूरहून त्यासाठी वाशीपर्यंत जावं लागतं. मानखुर्द ते वाशी हा खाडीवरून जाणारा मार्ग 1992 मध्ये सुरू झाला, तेव्हा खर्चाचे 67 टक्के सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाने दिले आणि 33 टक्के रेल्वेने. नवी मुंबईतल्या पुढच्या मार्गांनाही हीच विभागणी लागू झाली. सिडकोकडे पैसा आला तो जमिनीतून. रेल्वे येणार म्हणून प्लॉट महाग, प्लॉट महाग म्हणून रेल्वेला पैसा. वाशी स्टेशनात उतरून मान वर केली की डोक्यावर कचेऱ्यांच्या इमारती दिसतात. सीवूड्सला तर स्टेशनावर भलामोठा मॉलच बसवला आहे. कोबायाशीला हे पाहून आपलं घर आठवलं असतं. त्यातही एक विसंगती आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची कारखान्यांची वसाहत एमआयडीसीची आणि ती आधीपासूनची. तिच्या कडेने ठाणे-वाशी मार्ग गेला तो सिडकोच्या पैशाने. रबाळे-ऐरोलीच्या औद्योगिक प्लॉटना आज जो भाव आहे, तो काही अंशी दुसऱ्याच महामंडळाने फेडलेल्या रुळांमुळे आला आहे.

पण नवी मुंबईचं कौतुक एवढ्यावर थांबवून चालत नाही. सिडकोला ही जमीन स्वस्त मिळाली ती ठाणे, पनवेल, उरणच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांकडून. जानेवारी 1984 मध्ये जासई भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले, आणि मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. रुळाकडेच्या जमिनीची वाढलेली किंमत आपोआप पडलेली नसते, ती कोणाच्या तरी सातबाऱ्यावरून येते. जीआयपीच्या काळात कंपनीला जमीन सरकारने फुकट दिली, हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्याच्या रानातून भराव गेला त्याच्या हाती काय पडलं, हे त्या वाक्यात येत नाही.

रेल्वे स्वतः या व्यवहारात फार उशिरा उतरली. तिच्याकडे देशभरात पावणेपाच लाख हेक्टरांहून जास्त जमीन आहे, बहुतेक रुळांखालची आणि स्टेशनांची. मोकळ्या जमिनीतून पैसा काढण्यासाठी कायद्यात बदल झाला 2005 मध्ये, म्हणजे पहिली गाडी धावल्यावर दीडशे वर्षांनी. त्यातून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आलं. सप्टेंबर 2022 मध्ये मालवाहतुकीच्या टर्मिनलसाठी रेल्वेची जमीन 35 वर्षांच्या कराराने, बाजारभावाच्या वर्षाला दीड टक्का भाड्याने द्यायचं ठरलं. आधी हा दर 6 टक्के होता. सोलापूरच्या कापडाला, सांगोल्याच्या डाळिंबाला, लातूरच्या डाळीला अशी टर्मिनलं जवळ मिळाली तर फायदाच आहे. पण इतक्या स्वस्त भाड्यात रेल्वे पुन्हा जुनंच करते आहे, असं मला वाटतं. जमीन दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण वाघिणीच्या भाड्यावर समाधान मानायचं. मालवाहतूक वाढेल, म्हणून धोरण चुकलं असं म्हणणार नाही. फक्त हा जमिनीच्या विकासातून पैसा उभारण्याचा मार्ग आहे, असं कोणी सांगू नये.

सोलापूरसमोर हा विषय आज पुस्तकी नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे आणि त्याचा निम्मा खर्च राज्य सरकार उचलणार आहे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गासाठीही अशीच निम्मी वाटणी आहे. राज्याचा हा निम्मा हिस्सा तिजोरीतून जातो, म्हणजे तुमच्या-माझ्या करांतून. तुळजापूरला रेल्वे आली की भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे स्टेशनाभोवतीची जमीन किती वर जाईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. धर्मशाळा, हॉटेलं, दुकानं, गोदामं, मार्गावर कुठे एखादी औद्योगिक वसाहत, हे सगळं होणारच आहे. ती वाढ कोणाच्या नावे लागणार, हे आज ठरतं आहे आणि बहुधा ते गाजावाजा न करता ठरतं आहे. आधी जमिनी घेऊन बसणारे दलाल रेल्वेच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाहीत.

म्हणून सोलापूर आणि धाराशिवच्या वाचकांना एक काम सांगावंसं वाटतं. आपल्या आमदाराला, खासदाराला, जिल्हा नियोजन समितीला लेखी विचारा: राज्याने रुळांचा निम्मा खर्च दिला, तर स्टेशनांभोवतीच्या जमिनीच्या नियोजनात राज्याचा, नगरपालिकेचा आणि ज्याचं रान गेलं त्या शेतकऱ्याचा वाटा किती, आणि तो कुठल्या कागदावर लिहिला आहे? भूसंपादनाचा शेवटचा धनादेश निघण्याआधी विचारलं तर या प्रश्नाला उपयोग आहे. स्टेशनाचं उद्घाटन झाल्यावर विचारून काही हाती लागणार नाही.